पॅनल ३ ची ओळ: नाशिकच्या एका ओपन सोर्स प्रकल्पातलं हक्कांचं प्रकरण

आमच्या कोडच्या एका फाइलमधल्या एकशे बाराव्या ओळीवर इंग्रजीत एक कॉमेंट, म्हणजे कोड वाचणाऱ्यासाठी लिहिलेली टीप, होती. मराठीत सांगायचं तर, ‘पॅनल ३ कडून वर्ड (आकड्याचे तुकडे) उलटे येतात, अदलाबदल करून घे.’ आमच्या प्रकल्पात पॅनल नावाची वस्तूच नाही. आम्ही द्राक्षबागेत उभ्या केलेल्या छोट्या हवामान केंद्राचे आकडे वाचतो आणि डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाचा धोका किती तास होता याचा हिशोब करतो. मग हे पॅनल ३ आलं कुठून? ही ओळ आमच्या रेपोत, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, तीन वर्षं होती आणि आम्ही कोणीच ती नीट वाचली नव्हती. वाचली ती एका परदेशी संस्थेच्या स्वयंसेवकानं, आणि त्यानं अगदी नम्रपणे विचारलं, ‘ही फाइल मूळची इथलीच आहे ना?’

तिथून पुढचे पाच महिने आम्ही कोड कमी लिहिला आणि कागद जास्त वाचले. ते सगळं इथे सविस्तर मांडतोय. माणसांची, कंपनीची आणि त्या संस्थेची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. प्रकल्प माझा आणि दोन मित्रांचा, त्यामुळे चूक आमची आहे आणि ती मी आमच्याच नावावर मांडतो.

प्रकल्प काय होता

ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंग्यात, म्हणजे कोंब फुटायच्या अवस्थेत, आली की दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे असतं. पानं किती तास ओली राहिली, त्या वेळी तापमान किती होतं, यावर डाऊनीचं ठरतं. एक फवारणी वाचली तर पैसे वाचतात, आणि चुकली तर घड जातात. आम्ही तिघांनी गंगापूर रोडवरच्या एका मित्राच्या घरी बसून हे गणित करणारी छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा कोड) लिहिली आणि अपाची लायसन्स २.० या कोणालाही कोड वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुली केली. हळूहळू माणसं जोडली गेली. या सगळ्या काळात एकूण अकरा जणांचा कोड त्यात आला.

त्यातल्या तिघांभोवती हे प्रकरण फिरतं. एक, अंबडमधल्या कंपनीत ऑटोमेशनचं काम करणारा तरुण. केंद्रातल्या सेन्सरशी बोलणारा सगळा भाग त्याचा. दोन, दिंडोरीच्या ताई. त्या घरून स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची कामं घेतात. धोक्याच्या तासांचं गणित त्यांनी जवळजवळ नव्यानं लिहिलं. तीन, पॉलिटेक्निकचा एक विद्यार्थी. मराठी संदेश आणि चाचण्या त्याच्या. त्यानं काम सुरू केलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

सुरुवातीला म्हटलेल्या त्या परदेशी, युरोपातल्या संस्थेला आमचा हिशोबाचा भाग त्यांच्या मोठ्या प्रकल्पात सामावून घ्यायचा होता. आम्हाला आनंदच झाला. त्यांची अट एकच होती: ज्यांचा ज्यांचा कोड आहे त्या प्रत्येकानं त्यांचा सीएलए, म्हणजे काँट्रिब्युटर लायसन्स ॲग्रीमेंट (आपला कोड वापरायची परवानगी देणारा करार), सही करून द्यायचा. मी लगेच कळवलं, ‘आमच्याकडे सगळ्यांचे फॉर्म आधीच भरून घेतलेले आहेत.’ ते मी खरं समजूनच लिहिलं होतं.

आमचा फॉर्म

तो फॉर्म मी स्वतः केला होता. इंटरनेटवरच्या दोन-तीन नमुन्यांतून वाक्यं उचलून एक पान तयार केलं, गूगल फॉर्मवर चढवलं आणि शेवटी ‘सही म्हणून आपलं पूर्ण नाव टाइप करा’ असं लिहिलं. त्यात चार गोष्टी होत्या. हा कोड पूर्णपणे माझा आहे. त्याचे सर्व हक्क मी प्रकल्पाला देत आहे. पुढे कोणाचा दावा आला तर नुकसानभरपाई मी देईन. आणि हे मी राजीखुशीनं करत आहे.

सीबीएस बसस्थानकासमोरच्या जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एक वकीलताई आमच्या ओळखीच्या. त्यांना तो फॉर्म दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘प्रकल्पाला देत आहे म्हणजे कोणाला?’

मी म्हटलं, ‘प्रकल्पाला. म्हणजे आम्हाला.’

‘तुम्ही कोण? संस्था नोंदवलीय? ट्रस्ट आहे? कंपनी?’

काहीच नव्हतं. प्रकल्प हे रेपोचं नाव होतं. ज्याला कायद्यानं अस्तित्वच नाही त्याच्या नावावर हक्क चढणार कसे? सातबाऱ्यावर ‘आमची बाग’ असं नाव लावता येत नाही. तिथे माणूस लागतो, नाहीतर नोंदलेली संस्था. ही उपमा वकीलताईंचीच, आणि नाशिकच्या माणसाला ती ताबडतोब कळते.

पुढचं त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं. भारतात संगणक प्रोग्रॅम कॉपीराइट कायदा, १९५७ खाली ‘साहित्यकृती’ धरला जातो. म्हणजे कादंबरीला जे नियम, तेच आमच्या कोडला. त्या कायद्याचं कलम १९ म्हणतं की हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी, हे त्यात लिहिलेलं हवं. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षं धरला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. शिवाय, वेगळं काही ठरलं नसेल तर, घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तरी ते हस्तांतरण संपतं.

आमच्या फॉर्मवर काळही नव्हता, प्रदेशही नव्हता. म्हणजे तो फॉर्म अगदी पक्का धरला, तरी सगळ्यात आधी फॉर्म भरणाऱ्या दोघांच्या बाबतीत पाच वर्षांची मुदत त्याच हिवाळ्यात संपणार होती, आणि युरोपातल्या संस्थेला द्यायला आमच्या हातात भारताबाहेरचं काहीच नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

टाइप केलेल्या नावाला सही म्हणता येईल का, यावर वकीलताई म्हणाल्या, ‘माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता देतो, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झालेला करार केवळ तेवढ्याच कारणानं बाद होत नाही, हे खरं. पण कोणीही कोणाचंही नाव टाइप करू शकेल अशा फॉर्मवर हक्क हस्तांतरणाचा दावा मी स्वतःहून कोर्टात उभा करणार नाही.’ एवढं मला पुरेसं होतं.

मग आमचा कोड इतके दिवस कशाच्या आधारावर उभा होता? अपाची लायसन्सच्या. त्या लायसन्सच्या पाचव्या कलमात लिहिलंय की कोणी जाणूनबुजून प्रकल्पात घेण्यासाठी कोड पाठवला, आणि स्वतःहून काही वेगळं सांगितलं नाही, तर तो कोड त्याच लायसन्सखाली दिला असं समजायचं. ज्या अटींवर आत आला, त्याच अटींवर बाहेर जाणार. इथे हक्क विकले जात नाहीत, फक्त वापरण्याची परवानगी मिळते. आपल्या कायद्याच्या कलम ३० नुसार परवाना लेखी लागतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यावर सही असावी हा शब्द तिथून गेला. त्यामुळे छोट्या प्रकल्पाला ही वाट पुष्कळ आहे. माझा फॉर्म नसता तर आम्ही जास्त सुरक्षित होतो, हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

त्यातल्या नुकसानभरपाईच्या वाक्याबद्दल तर अजून बोललोच नाही. फुकट काम करणाऱ्या माणसाकडून, त्यातल्या एका अल्पवयीन मुलाकडून, मी ‘दावा आला तर पैसे मी भरेन’ असं लिहून घेत होतो. नमुन्यात होतं म्हणून ते वाक्य आलं. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या वैयक्तिक करारात उलट स्पष्ट लिहिलंय की दिलेल्या कोडची देखभाल करण्याची तुमच्यावर सक्ती नाही आणि तो कोड आहे तसा, कोणत्याही हमीशिवाय दिलेला आहे. एवढी मोठी संस्था जे मागत नाही ते आम्ही मागत होतो.

अंबडचा तरुण

पॅनल ३ ची ओळ त्याच्या फाइलमध्ये होती. मी फोन केला तेव्हा तो कंपनीत होता. संध्याकाळी पाथर्डी फाट्याजवळच्या चहाच्या टपरीवर भेटलो. लॅपटॉप उघडून ती ओळ दाखवली. तो बराच वेळ गप्प बसला.

‘दादा, ते तेवढं मी ऑफिसच्या कामातून उचललं होतं. चोरायचं म्हणून नाही. मॉडबस या मशीनच्या भाषेत आकडा दोन रजिस्टरमध्ये तुटून येतो, काही मशीन आधी वरचा अर्धा पाठवतात, काही खालचा. हे मी कंपनीच्या पॅनलसाठी आधीच सोडवून ठेवलं होतं. रात्री अकरा वाजता तेच परत कशाला लिहायचं?’

ज्यानं कोड लिहिलाय त्याला हे पटेल. स्वतः सोडवलेलं कोडं आपलंच वाटतं. पण कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं: नोकरीच्या करारात, नोकरीचं काम म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट काही ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. पॅनलचा कोड कंपनीचा होता, त्याचा नव्हताच. त्यानं आमच्या फॉर्मवर ‘हा कोड पूर्णपणे माझा आहे’ असं लिहून दिलं, तेव्हा त्याच्याकडे द्यायला त्या फाइलपुरतं काही नव्हतं. आणि ते खोटं वाक्य त्याच्या तोंडी मी घातलं होतं.

मग बाकीच्या फाइली? त्याचे एकूण एकसष्ट कमिट (कोडमधल्या एकेका बदलाची नोंद) होते. गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या नोंदीत प्रत्येकाला तारीख, वेळ आणि ईमेल असतो. आम्ही दोघांनी बसून यादी काढली. सत्तेचाळीस कमिट रात्री किंवा रविवारचे, स्वतःच्या लॅपटॉपवरचे, स्वतःच्या ईमेलचे. चौदा कमिट कामाच्या दिवशी दुपारचे, कंपनीच्या लॅपटॉपवरून, आणि त्यातल्या नऊंवर कंपनीचा ईमेल. ‘जेवणाच्या सुट्टीत करायचो,’ तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं नेमणूकपत्र आणलं. तिसऱ्या पानावर, पगार आणि रजांच्या खाली, एक परिच्छेद होता: नोकरीच्या काळात कर्मचाऱ्यानं तयार केलेलं सगळं, कामाच्या वेळेत असो वा वेळेबाहेर, कंपनीचं राहील. खाली त्याची सही. रुजू झाल्या दिवशी केलेली, न वाचता. आपल्यापैकी किती जणांनी तो परिच्छेद वाचलाय? नोकरी लागल्याच्या आनंदात घरी पेढे आणतात, नेमणूकपत्र फाइलीत जातं.

असा परिच्छेद कितपत टिकेल यावर वकीलताईंचं मत सावध होतं. कायदा पुढे तयार होणाऱ्या कृतीचे हक्कही आधीच लिहून देऊ देतो, त्यामुळे ‘हे चालणारच नाही’ म्हणणं धाडसाचं. तर दुसऱ्या बाजूला, कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं, घरी, स्वतःच्या साधनांवर केलेलं काम नोकरीचं काम नव्हे असा युक्तिवाद भक्कम आहे. ‘पण हा युक्तिवाद करायची वेळ त्या मुलावर यावी का, हे तुम्ही ठरवा,’ त्या म्हणाल्या.

ते ठरवायला मला वेळ लागला नाही. युक्तिवाद म्हणजे कंपनीशी भांडण, आणि भांडण म्हणजे त्याची नोकरी. घरी आई-वडील, टू व्हीलरचा हप्ता, बहिणीचं शिक्षण. एका लायब्ररीसाठी हे पणाला लावायचं नव्हतं. त्याला सांगितलं, तू म्हणशील तर तुझा सगळा कोड आम्ही काढून टाकू, कोणी काही विचारणार नाही. तो म्हणाला, ‘दादा, काढू नका. मीच साहेबांना सांगतो. फक्त तुम्ही सोबत या.’

कंपनीत

जाण्याआधी आम्ही काय मागायचं हे पक्कं केलं. युरोपीय संस्थेचा कंपन्यांसाठीचा करार आमच्याकडे होता. असा करार कंपनी सही करते आणि सोबतच्या यादीत कोणकोणते कर्मचारी कोड देऊ शकतात हे लिहिते. पण त्यात पेटंटचं कलम होतं: दिलेल्या कोडवर कंपनीची पेटंट लागू होत असतील तर तीही वापरायची परवानगी. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही, हे खरं. तरी अंबडमधल्या मध्यम कंपनीच्या मालकापुढे ‘पेटंट’, ‘जगभर’, ‘कायमचं’, ‘मागे घेता न येणारं’ असे शब्द असलेलं चार पानी इंग्रजी ठेवलं, तर तो काय म्हणणार? ‘वकिलाला दाखवतो.’ आणि ते तिथेच राहणार.

वाट सापडली ती जुन्या प्रकल्पांच्या रीतीत. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन अनेक वर्षं आपल्या प्रकल्पांसाठी हक्कच लिहून घेत आलंय, आणि कोड देणारा नोकरीत असेल तर त्याच्या मालकाकडून वेगळं छोटं पत्र मागतं: या कामावर आमचा दावा नाही. एवढंच. मालकाला काही द्यावं लागत नाही, फक्त सोडावं लागतं. देण्यापेक्षा सोडणं माणसाला सोपं जातं. आम्ही दीड पानाचं पत्र केलं, सोबत सत्तेचाळीस कमिटची यादी जोडली, चौदांची यादी वेगळी ठेवली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न अपेक्षितच होता: ‘म्हणजे आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर फुकट वाटलं की काय?’

त्या तरुणानं मान खाली घातली. मी म्हटलं, ‘एक फाइल, साहेब. दोनशे ओळींची. ती तुमचीच आहे. चूक आमची, आम्ही त्याला विचारलंच नाही की हे कुठून आलं. ती काढून टाकतो. बाकीचं त्यानं घरी, द्राक्षांसाठी लिहिलंय.’ आणि दोन्ही याद्या पुढे ठेवल्या.

ते याद्या बघत राहिले. वेळांच्या रकान्यावरून बोट फिरवत होते. रात्री ११.४०, रात्री १२.१५, रविवार सकाळ. मग त्यांनी त्याला विचारलं, ‘एवढं सगळं करून झोपतोस कधी?’ खोलीतला ताण त्या क्षणी उतरला. याद्या नसत्या तर काय झालं असतं मला माहीत नाही. त्यांच्यापुढे आमचा शब्द नव्हता, नोंदी होत्या.

त्यांच्या सल्लागाराकडून पत्र तीन आठवड्यांनी परत आलं. सत्तेचाळीस कमिटवर दावा नाही. दुपारच्या चौदांपैकी द्राक्षांच्या गणिताशी संबंधित अकरांवरही दावा नाही. पॅनलच्या फाइलीला हात लावणारे तीन सोडले नाहीत: ती फाइल काढायची, जुन्या आवृत्त्यांमधूनही काढायची. आणि आम्ही न मागता एक वाक्य त्यांनी घातलं होतं, या फाइलीवरून कर्मचाऱ्यावर कारवाई केली जाणार नाही. ते वाक्य वाचून त्यानं मला जो फोन केला, त्यात तो नीट बोलूच शकत नव्हता.

इथे एक सांगायला हवं. डीसीओबद्दल आमच्यात आधी चर्चा झाली होती आणि आम्ही ती रीत ‘लिनक्सवाल्यांची’ म्हणून सोडून दिली होती. डीसीओ म्हणजे डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. २००३ साली एससीओ या सॉफ्टवेअर कंपनीनं आयबीएमवर लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या कोडवरून खटला भरला, आणि प्रश्न उभा राहिला की हजारो लोकांनी दिलेला कोड मुळात आला कुठून. २००४ मध्ये लिनक्सनं प्रत्येक कमिटखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ सुरू केली. ती ओळ लिहिणारा सांगतो की हे मी लिहिलंय आणि द्यायचा मला अधिकार आहे, किंवा हे योग्य लायसन्सच्या आधीच्या कामावर बेतलेलं आहे, किंवा ज्यानं मला दिलं त्यानं हीच खात्री दिली आहे. त्यात हक्क लिहून देणं नाही, नुकसानभरपाई नाही. प्रश्न एकच, आणि तो दर कमिटला समोर येतो: द्यायचा अधिकार आहे का? आमचा फॉर्म एकदाच, पहिल्या दिवशी भरून घेतलेला. पुढे कधीतरी रात्री अकरा वाजता ऑफिसची फाइल उघडणाऱ्याला तो आठवणार कसा? गिटलॅब कंपनीनं २०१७ मध्ये सीएलए सोडून डीसीओ घेतला, जीसीसी या कंपायलरच्या प्रकल्पानंही २०२१ मध्ये हक्क लिहून देण्याची सक्ती सैल करून डीसीओ चालेल असं जाहीर केलं. आम्ही हे वाचलं होतं, वापरलं मात्र नव्हतं.

फाइल काढणं

गिटमधून फाइल काढली तरी ती इतिहासात राहते. जुना कुठलाही कमिट उघडा, फाइल हजर. कंपनीला ते चालणार नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणून सगळा इतिहास नव्यानं लिहावा लागला. त्यामुळे त्या फाइलीनंतरच्या प्रत्येक कमिटचा क्रमांक बदलला. ज्यांच्याकडे प्रती होत्या त्यांना सगळं परत उतरवून घ्यायला सांगितलं. जुन्या आवृत्त्या उतरवल्या. रेपोच्या नऊ फोर्क, म्हणजे दुसऱ्यांनी करून घेतलेल्या प्रती, होत्या. नऊही जणांना लिहिलं. आठांनी फोर्क काढल्या किंवा नव्या केल्या. एकाचं उत्तर आलेलं नाही. ते आम्ही कंपनीला लेखी कळवलंय.

नवी फाइल दिंडोरीच्या ताईंनी लिहिली. अट अशी की त्यांनी जुनी फाइल कधी उघडलेली नसावी, आणि नव्हतीच. त्यांचं काम गणिताचं. मॉडबसचा तपशील जाहीर आहे, हवामान केंद्राच्या माहितीपुस्तिकेत रजिस्टरचे क्रमांक आहेत. तेवढ्यावर त्यांनी नऊ दिवसांत काम केलं. त्या काळात अंबडच्या तरुणानं त्यांच्याशी या विषयावर एक शब्द बोलायचा नाही असं ठरलं होतं. आमच्या केंद्रावर वर्ड उलटे येतच नाहीत, हे त्यांच्या चाचणीत कळलं. म्हणजे ती अदलाबदल आम्हाला कधी लागणारच नव्हती! चुकून बरोबर चालत होतं, कारण तो पर्याय आमच्या सेटिंगमध्ये बंद होता.

ताईंचा प्रश्न

ताई नोकरीत नाहीत. स्वतंत्र काम करणाऱ्याचा कोड, लेखी वेगळं ठरलं नसेल तर, त्याचाच असतो. पैसे दिले म्हणून तो आपोआप ग्राहकाचा होत नाही. त्यामुळे त्यांची सही सगळ्यात सोपी असेल असं मला वाटलं होतं. पण त्यांनीच सगळ्यात उशिरा केली.

‘हे मला सांगा,’ त्या म्हणाल्या. ‘मी यांना दुसऱ्याला परवाना द्यायचाही अधिकार देतेय. उद्या त्यांनी हेच बंद करून विकायला काढलं तर? माझ्या भावाच्या बागेत हे चालतं.’

हा प्रश्न हवेतला नाही. हॅशिकॉर्प कंपनीनं ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या तिच्या खुल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बदलून वापरावर बंधनं घालणारं बिझनेस सोर्स लायसन्स आणलं. बाहेरच्यांचा कोड सीएलएखाली घेतलेला होता, म्हणून प्रत्येकाला पुन्हा विचारावं लागलं नाही. लोकांनी जुना कोड घेऊन ओपनटोफू उभं केलं. इलास्टिक कंपनीनं जानेवारी २०२१ मध्ये असाच बदल केला, त्यातून ओपनसर्च निघालं. सीएलएवर सही करणाऱ्यानं हे माहीत असूनच सही करावी.

आमच्या बाबतीत दोन गोष्टी ताईंपुढे ठेवल्या. एक, करार एकमेव हक्काचा नाही. कोड त्यांचाच राहतो, त्या तो दुसरीकडे, दुसऱ्या अटींवर देऊ शकतात. आजवर अपाचीखाली बाहेर पडलेलं कोणी परत घेऊ शकत नाही. दोन, अपाची लायसन्स मुळातच कोणालाही हा कोड बंद उत्पादनात वापरू देतं, त्यामुळे सीएलएनं त्या संस्थेला फार काही जास्तीचं मिळत नाही. प्रकल्प जीपीएलखाली असता तर गोष्ट वेगळी होती: तिथे सगळ्यांवर खुलं ठेवायचं बंधन असतं आणि सीएलए घेणाऱ्या एकालाच त्यातून सुटका मिळते. तसं असतं तर मी स्वतः सही केली नसती, आणि त्यांनाही करू नका म्हटलं असतं.

ताईंनी दोन आठवडे घेतले. संस्थेला स्वतः ईमेल लिहून तीन प्रश्न विचारले, उत्तरं आली, मग सही केली. संस्थेचा करार मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहितो, त्यामुळे पाच वर्षं आणि फक्त भारत हा घोळ तिथे नाही. आपल्याकडे कलम १९ च्या तरतुदी परवान्यालाही लागू होतात, म्हणून हे दोन शब्द शोधूनच मग वकीलताईंनी आम्हाला होकार दिला.

सतरा वर्षांचा हात

विद्यार्थ्याचं प्रकरण छोटं आणि स्वच्छ. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीचा करार आपल्याकडे मुळातच शून्य, १९०३ च्या मोहोरी बिबी खटल्यापासून हे ठरलेलं आहे, आणि मोठा झाल्यावर ‘तेव्हाचं मान्य’ म्हणूनही तो जिवंत होत नाही. कॉपीराइट मात्र त्याचाच. वय कमी म्हणून लेखक लेखक राहत नाही असं नाही. आता तो एकोणीसचा आहे. त्यानं नवा करार नव्यानं केला. त्याच्या आईनं आम्हाला विचारलं होतं, ‘यात त्याच्यावर काही येणार नाही ना?’ जुन्या फॉर्ममधलं नुकसानभरपाईचं वाक्य मला त्या वेळी डोळ्यांसमोर दिसत होतं. सगळे जुने फॉर्म रद्द केल्याचं पत्र आम्ही अकराही जणांना सहीनिशी पाठवलं, पहिलं त्यांच्या घरी.

आज

संस्थेनं कंपनीचं पत्र आणि त्या तरुणाची वैयक्तिक सही एकत्र स्वीकारली. हिशोबाचा भाग त्यांच्याकडे गेला. सेन्सरचा भाग आम्ही इथेच ठेवलाय. फॉर्म बंद केला, डीसीओ सुरू केला. साइन-ऑफ नसलेला कमिट मर्ज होत नाही, म्हणजे प्रकल्पात घेतला जात नाही. पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे ‘हा कोड घ्या’ या विनंतीच्या, वर मराठीत तीन प्रश्न येतात: नोकरी किंवा शिक्षण कुठे चालू आहे, नेमणूकपत्रातला हक्कांचा परिच्छेद वाचलाय का, आणि यातलं काही दुसऱ्या कामातून घेतलंय का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर नकार येत नाही, फोन येतो.

अंबडच्या तरुणानं परवा पाठवलेला कमिट रात्री १०.५२ चा आहे, त्याच्या स्वतःच्या ईमेलवरून, खाली साइन-ऑफ. आणि पिंपळगावच्या एका नव्या मुलानं गेल्या महिन्यात पुल रिक्वेस्ट उघडली, दुसऱ्या प्रश्नापाशी थांबला आणि खाली लिहिलं, ‘दादा, परिच्छेद सापडला. आधी ऑफिसात विचारतो, मग पाठवतो.’ त्याचा कोड अजून आलेला नाही. रिक्वेस्ट उघडीच ठेवलीय, आम्ही थांबलोय.